अक्षता पडल्या तेव्हा किती वाजले होते

ती केस मला आजही आठवते, पण ती सांगताना माझी कॉलर ताठ होत नाही, जरा खालीच जाते. पोलीस अधिकारी निवृत्त झाला की त्याने पकडलेल्या अट्टल गुन्हेगारांच्या गोष्टी सांगाव्यात अशी लोकांची अपेक्षा असते. मी सांगतोय त्या गुन्ह्यात मी एका निर्दोष माणसाला आत टाकलं होतं, आणि ऐनवेळी काही साध्या माणसांनी मला सावरलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, म्हणून हे लिहायला बसलो. नावं कुणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा बुलडाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मूळचा मेहकरकडचा, त्यामुळे बोली आणि माणसं दोन्ही घरचीच. एका दुपारी दोनच्या सुमारास देऊळघाटजवळच्या एका खेड्यातून फोन आला. विहिरीवर एका म्हाताऱ्याच्या डोक्यात कुणीतरी सब्बल घातली होती, माणूस बेशुद्ध होता. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी गाडी काढली. पोचलो तोवर म्हाताऱ्याला बुलडाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. विहिरीच्या काठावर रक्त सांडलेलं, लोखंडी सब्बल तिथेच पडलेली, आणि बाजूच्या वांग्यांच्या वाफ्यात पाणी अर्ध्यावर येऊन थांबलेलं. पंचनाम्यात मी सगळं लिहून घेतलं. मोटारीची केबल तुटलेली आहे, हेसुद्धा लिहिलं. झटापटीत तुटली असेल म्हणून पुढे विचार केला नाही.

फिर्याद म्हाताऱ्याच्या मुलाने दिली. दीडच्या सुमारास बापाची ओरड ऐकून तो धावत आला, तेव्हा लाल चौकड्याचा शर्ट घातलेला एक माणूस कपाशीच्या पऱ्हाटीतून पळताना त्याला पाठमोरा दिसला. तो आपला चुलतभाऊच होता, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळीवरून आठवड्यापूर्वी म्हातारा आणि हा पुतण्या यांची गावादेखत शिवीगाळ झालेली. म्हणजे कारण तयार, साक्षीदार तयार, आरोपीही तयार. तपासी अंमलदाराला आणखी काय हवं असतं?

चारच्या सुमारास पुतण्या मोटारसायकलवरून गावात शिरला, तर त्याच्या दारात आमची गाडी उभी. वय तिशी-बत्तिशीचं, अंगात लाल चौकड्याचाच शर्ट. काकाला मारल्याचं त्याला वेशीवरच कुणीतरी सांगितलं होतं. "काय झालं? काका कुठी हाय?" म्हणून तो ज्या घाबऱ्या आवाजात विचारायला लागला, ते मला नाटक वाटलं. त्याचा बाप लहानपणीच गेला होता. ह्याच काकाने त्याला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. ज्याने वाढवलं त्याच्याच डोक्यात सब्बल घातली, असं सगळं गाव बोलत होतं, आणि मीही गावासारखाच झालो.

चौकशीत तो एकच सांगत राहिला.

"नांदुऱ्याले होतो साहेब. दोस्ताच्या बहिणीचं लग्न होतं."

"किती वाजेपर्यंत होतास?"

"अक्षता पडल्या, जेवलो, मंग निघालो."

"अक्षता किती वाजता पडल्या?"

"घड्याळ नाही पाह्यलं. पण उशीर झाल्ता लग्नाले. लय उशीर झाल्ता."

मोबाइल कुठे होता, तर घरीच चार्जिंगला लावून विसरलेला. टॉवरचं लोकेशन काढलं, दिवसभर गावातलंच आलं. आता हे त्याच्या बाजूने की विरुद्ध? मी विरुद्ध धरलं. धरायचंच ठरवल्यावर सगळंच विरुद्ध धरता येतं.

तरी नियमाप्रमाणे नांदुऱ्याला माणसं पाठवली. कशासाठी विचारतोय ते त्यांनी तिथे कुणाला सांगितलं नाही. नवरीचे वडील, भाऊ, लग्न लावणारे गुरुजी, कार्यालयाचा व्यवस्थापक, सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की पोरगा लग्नाला आला होता, अक्षतांच्या वेळी मंडपात होता, आणि लग्न मुहूर्तावर लागलं. अकरा अठ्ठेचाळीसला. पत्रिकेवरही तीच वेळ छापलेली. कार्यालयात सीसीटीव्ही कॅमेरा होता, पण तो नुसताच भिंतीला टांगलेला, त्याची वायर कुठेही गेलेली नव्हती. पाहुण्यांच्या मोबाइलवरचे फोटो मागवले, तर ते ह्या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरून आलेले. अशा फोटोंत काढल्याची वेळ राहत नाही, फोनवर येऊन पडल्याची राहते. सगळे संध्याकाळचे दिसत होते. मग लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओतून पेन ड्राइव्ह आणवला.

त्यात तो फोटो सापडला. अंतरपाट नुकताच बाजूला झालेला, हवेत अक्षता, आणि गर्दीच्या तिसऱ्या रांगेत लाल चौकड्याचा शर्ट, हात वर. मी स्वतः माऊसचं उजवं बटण दाबून फाईलची माहिती उघडली. फोटो घेतल्याची वेळ अकरा एक्कावन्न. नांदुऱ्याहून मोताळा, राजूर घाट, बुलडाणा करत त्याच्या गावाला मोटारसायकलने सव्वा तास लागतो. म्हणजे अक्षता टाकून लगेच निघालेला माणूस सव्वा वाजेपर्यंत विहिरीवर आरामात पोचतो. मंडपात तोंड दाखवून ठेवायचं आणि काम उरकून यायचं, असा त्याचा बेत मी माझ्या डोक्यात पक्का करून टाकला.

फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने बराच वेळ पाहिला.

"फोटो माहाच हाय साहेब," तो म्हणाला. "टाईम माहा नाही."

"कॉम्प्युटरची तुझ्याशी काय दुश्मनी आहे का बे?" मी ओरडलो. "अख्खा मंडप खोटं बोलतो आणि तू एकटा खरा!"

न्यायालयाने पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली. कोठडीत त्याने ना वकिलाची चौकशी केली ना जामिनाची. पहाऱ्यावर जो कोणी असेल त्याला विचारायचा, "काका कसा हाय? शुद्धीवर आला का?" माझी फेरी झाली की म्हणायचा, "एकदा पाहू द्या ना मले त्याले. दारातून पाहतो." मी म्हणायचो, आधी कबूल कर.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ठाण्याचा फोन वाजला. पलीकडे बाईचा आवाज होता. "नांदुऱ्याच्या त्या स्टुडिओतल्या फोटोच्या टायमावर जाऊ नका. ते बाई टाईम बदलते," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. ती कोण होती हे मला कधीच कळलं नाही. खबर देणारा आपली ओळख सांगत नसेल तर त्याला राहू द्यावं, एवढं मी नोकरीत शिकलो होतो.

पण खबरीचा अर्थ मी पार उलटा लावला. मला वाटलं, आरोपीच्या घरच्यांनी स्टुडिओवालीला हाताशी धरून वेळ पुढे सरकवून घेतली. म्हणजे गडी अकरा एक्कावन्नच्याही आधीच मंडपातून सटकलेला असणार. आता खोटा पुरावा तयार केल्याबद्दल त्या बाईलाही गुंतवायचं, या आवेशात मी निघालो. स्त्री साक्षीदाराला ठाण्यात बोलावून जबाब घेता येत नाही, म्हणून आम्हीच गेलो. मी, एक महिला शिपाई, आणि आमचा रायटर.

ह्या रायटर हवालदाराबद्दल थोडं सांगायलाच हवं. ठाण्याचं सगळं लिखाण त्याच्याकडे असायचं आणि तो अतिशय संथ होता. उजवा हात की डावा, शर्ट बाहेर की आत खोचलेला, माणूस पूर्वेकडून आला की पश्चिमेकडून, हे विचारल्याशिवाय त्याचं पेन पुढे सरकत नसे. कधीकाळी एका वकिलाने भर कोर्टात त्याची फजिती केली होती, तेव्हापासून ही खोड लागलेली. मी त्याच्यावर इतक्या वेळा खेकसलोय की त्याची गणती नाही.

स्टुडिओ बसस्टँडपासून जवळच होता. बाहेरच्या काचेत नवरा-नवरीचे आणि पासपोर्टचे फोटो, काउंटरवर पांढऱ्या दाढीचे अब्बा, आणि आत कॉम्प्युटरसमोर त्यांची मुलगी, पस्तिशीची असेल. डोक्यावरची ओढणी सावरत तिने आम्हाला खुर्च्या दिल्या. दुकान मूळ अब्बांचं. रोलच्या जमान्यात ते गाजलेले फोटोग्राफर होते. कॉम्प्युटर आल्यावर सगळं मुलीने हातात घेतलं.

मी थेटच विचारलं, "फोटोच्या वेळा बदलता का तुम्ही?"

ती नाही म्हणेल आणि मग मी तिला कोपऱ्यात घेईन, असा माझा हिशेब.

"हाव साहेब, बदलते," ती म्हणाली.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कोनाच्याच नाही. हर लग्नाची बदलते."

माझा आवाज चढला. खोटा पुरावा, मुद्देमाल जप्ती, अटक, जेवढे म्हणून शब्द माणसाला घाबरवतात तेवढे सगळे मी काढले. अब्बा काठी टेकत उठले. तिने हातानेच त्यांना बसायला सांगितलं. ती घाबरली होती, पण नजर वळवत नव्हती. इकडे आमचे हवालदार मान खाली घालून जबाब लिहीत होते, ते मध्येच थांबले.

"साहेब, वेळ बदलली म्हणजे पुढे केली लिहू का मागे केली?"

"अहो, बदलली ना? लिहा बदलली म्हणून!"

"तसं कसं साहेब. वकील विचारते," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, "बाई, पुढं का मांगं?"

"मांगं," ती म्हणाली. "एक तास चौतीस मिनिटं मांगं."

मी गणितात कधीच हुशार नव्हतो, पण तेवढी बेरीज मला आली. अकरा एक्कावन्नमध्ये एक तास चौतीस मिनिटं मिळवली की एक पंचवीस होतात. एक पंचवीसला जो माणूस नांदुऱ्यात अक्षता टाकतोय, तो दीड वाजता देऊळघाटजवळच्या पऱ्हाटीतून पळू शकत नाही. मी खुर्चीत बसलो. आवाज एकदम खाली आला तो माझा मलाच ओळखू येईना. "बेटा, जरा नीट समजावून सांग," मी म्हणालो. अहो-जाहो सुटून मी बेटा कधी म्हणालो हेही कळलं नाही.

तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. लग्नाला तीन कॅमेरे असतात, तिन्हींची घड्याळं थोडी मागेपुढे. ती आधी सगळे फोटो 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये उतरवते आणि त्याला पुन्हा हात लावत नाही. मग दुसऱ्या प्रतीवर काम करते. आधी तिन्ही कॅमेऱ्यांच्या वेळा जुळवते, म्हणजे फोटो क्रमाने लागतात, नाहीतर सप्तपदीच्या आधी पंगत येते. मग एकेका फोटोच्या माहितीत ती नावं भरते. नवरीची मावशी, अमक्या गावची. नवऱ्याचे मोठे काका.

"इतकं कशाला?" मी विचारलं.

"कोनी गेलं का घरचे लोक फोटो मांगाले येते साहेब. हार घालाले. घरात एकही चांगला फोटो नसते. नाव टाकलं का निंघते." तिने एक नाव टाइप केलं. क्षणात एक म्हातारी पडद्यावर आली, कुठल्याशा लग्नात तोंडाला पदर लावून हसणारी. "हे मागच्या महिन्यात गेल्या. हाच फोटो लावला त्यायनं."

पोलीस खात्यात आम्हीही माणसांची माहिती भरतो, पण ती असल्या कामासाठी कधी भरली नव्हती.

"आणि मुहूर्ताचं काय?"

तिने माऊस बाजूला ठेवला. मग सांगायला लागली. तीन-चार वर्षांपूर्वी एका अल्बममध्ये तिने फोटोच्या कोपऱ्यात खरी वेळ छापून दिली होती. लग्न मुहूर्तानंतर सव्वा तासाने लागलेलं. पुढे नवरीची सासू अंगणात घसरून पडली, पाय मोडला. सासरच्यांनी अल्बम काढला, वेळ दाखवली, आणि मुहूर्त हुकलेली पोरगी घरात आली म्हणून तिचं जिणं हराम केलं. ती पोरगी दुकानात येऊन ढसाढसा रडली होती. तेव्हापासून अक्षतांचा फोटो पत्रिकेतल्या वेळेवर नेऊन बसवायचा आणि बाकीचे त्याच हिशेबाने सरकवायचे, असा तिने नेम केला. आणि किती सरकवलं ते प्रत्येक फोटोच्या माहितीत शेरा लिहून ठेवायचं. तिने त्या फोटोचा शेरा उघडून दाखवला. 'वेळ १ तास ३४ मि. मागे, पत्रिकेप्रमाणे.' तोच फोटो मी माझ्या ठाण्यात दहा वेळा उघडला होता. वेळेच्या खाली चार ओळी सरकून शेरा वाचायची तसदी मी घेतली नव्हती.

"हे तुम्ही आधीच का नाही सांगितलं?"

"तुमच्या मान्सानं फोटो मांगतले, मी देल्ले. टाईम कायले पाह्यजे, हे कोनं सांगतलंच नाही."

खरं होतं. आम्ही नाही सांगितलं.

आता तो 'मूळ' फोल्डर हवा होता. मी मागितला तेव्हा तिचा चेहरा उतरला. "हे कोर्टात जाईन का? मंग सगळ्याइले कयन मुहूर्त हुकला म्हनून. त्या नव्या पोरीले त्रास व्हईन. अन् माह्याकडं कोन येईन मंग?" जप्तीचा अधिकार होता, पण त्या क्षणी तो वापरायची हिंमत होईना. अब्बा काउंटरवरून पहिल्यांदाच बोलले, "बेटी, इचार त्यायले, तिकडं कोनी आत हाय का?"

"हाये," मी म्हणालो. "तीन दिवस झाले."

ती उठली. कपाट उघडून हार्ड डिस्क काढली आणि रायटरपुढे ठेवली. "घ्या," म्हणाली. दोन पंच बोलावून पंचनामा केला, डिस्क आणि कॅमेरा सीलबंद केला आणि बुलडाण्याला सायबर सेलकडे पाठवला. तिथल्या पोरांनी दोन दिवसांत कळवलं की मूळ फाईलला कुणीही हात लावलेला नाही, वेळ एक पंचवीस, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ फार तर दोन मिनिटं पुढे आहे.

तोवर कोठडीची मुदत संपली आणि आरोपी कारागृहात गेला. मी लगेच सोडायचा अहवाल देऊ शकलो असतो, पण हवालदार म्हणाले, "साहेब, लग्न उशिरा लागलं असा मंडपातल्या एकाही माणसाचा जबाब आपल्याकडे नाही. जेवढे हायेत ते सगळे मुहूर्तावर लागलं म्हणतेत." बरोबर होतं. तुमच्या हातात कॉम्प्युटरचा कागद आणि समोर दहा साक्षीदार उलटं बोलणारे, तर न्यायालय काय करणार? ह्या वेळी मी हवालदारांवर खेकसलो नाही.

नवरीच्या वडिलांकडे मी स्वतः गेलो. भला माणूस, चहा झाला, पण विषय काढला की हात जोडायचा. "साहेब, लग्न मुहूर्तावरच लागलं. पोरगी नवी नवी सासरी गेली हाय. तुमाले बी लेकरं असतीन." मला राग आला नाही. खोटं बोलून त्याला काही मिळवायचं नव्हतं, लेकीवर बोट येऊ नये एवढंच त्याला हवं होतं. अख्खा मंडप त्याच्यासाठी, त्याच्या लेकीसाठी तेवढंच खोटं बोलत होता. आमच्याकडे लग्नाला गेलेला कुठलाही भला माणूस हेच सांगेल. मी इतकी वर्षं त्यांच्यातच वाढलो आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नवरी तेव्हा पहिल्या माहेरपणाला आली होती. ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. एकदम बाहेर आली.

"बाबा, तो दादाच्या पंगतीले बसेल होता. मीनं पाह्यलं त्याले. त्याले काऊन आत टाकता?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिहा साहेब. मुहूर्त हुकला. सव्वा वाजून गेल्तं. त्यायचेच लोक दीड तास बँडसमोर नाचून राह्यले होते. नाचले ते, अन् दोष माह्या कपायी काऊन?"

"अवं, सासरी काय म्हनतीन?" वडील कळवळले.

"म्हनू द्या. मी सांगते त्यायले."

वडिलांनी कपाळाला हात लावला, आणि थोड्या वेळाने तोच हात पुढे करून जबाबावर सही केली. मग गुरुजीही सरळ बोलले. "तुम्ही मला मुहूर्त विचारला, मी मुहूर्त सांगितला. अक्षता कधी पडल्या ते विचारलंच कुठे?" संध्याकाळपर्यंत सात जबाब झाले. नवरीचं सासर भलं निघालं. तिच्या सासऱ्यांनी मला स्वतः फोन करून सांगितलं, "साहेब, नाचलो तर आमीच. लागलं तर आमचाबी जबाब घ्या."

पुतण्या बाजूला झाल्यावर मी माझाच पंचनामा पहिल्यापासून वाचला. मोटारीची केबल 'तुटलेली.' पुन्हा विहिरीवर गेलो. दोन्ही टोकं पक्कडीने सफाईने कापलेली. भंगारवाल्यांकडे चौकशी केली आणि चार दिवसांत दोघे सापडले, तांब्याच्या तारेसकट. केबल कापताना म्हातारा आडवा आला म्हणून त्यांनी सब्बल उचलली होती. त्यातल्या एकाच्या घरात लाल चौकड्याचा शर्ट मिळाला. तसे शर्ट आठवडी बाजारात ढिगाने मिळतात, हे मला शर्ट हातात आल्यावर सुचलं. न्यायालयात अहवाल गेला आणि पुतण्या सुटला.

ह्या केसने काय शिकवलं, असं मला एका व्याख्यानात कुणी विचारलं होतं. मी म्हणालो, फाईलमधली वेळ ही कुणीतरी कशासाठी तरी लिहिलेली असते, तर आधी त्या माणसाला भेटा आणि दटावायच्या आधी त्याचं ऐका. आणि आपल्या ठाण्यातल्या सगळ्यात संथ माणसाला कधी घाई करू नका. हवालदार निवृत्त झाले त्या दिवशी मी भर समारंभात त्यांच्या पाया पडलो. ते इतके गोंधळले की कुठला पाय पुढे करावा ते त्यांना कळेना. स्टुडिओवाल्या ताईचा धंदा बसला नाही, अल्लाच्या आणि गिऱ्हाइकांच्या कृपेने वाढलाच. आता ती फोटोच्या कोपऱ्यात वेळ छापतच नाही. माझ्या घरचे जुने फोटो आणि स्कॅन केलेले कागद मी तिच्याच पद्धतीने लावले आहेत, प्रत्येकात नावं, गाव आणि शेरा भरून. तिने फोनवर शिकवलं, तेही न कंटाळता.

एक गोष्ट मात्र त्या व्याख्यानात सांगायची राहिली.

सुटकेच्या दिवशी मी स्वतः कारागृहाच्या दाराशी गाडी घेऊन गेलो होतो. अकरा दिवस तो आत होता. "चल, काकाला भेटवतो," म्हणालो. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याचा चुलतभाऊ, म्हणजे आमचा फिर्यादी, उभा होता. ह्याला पाहून त्याची मान खाली गेली. म्हातारा चार दिवसांपूर्वीच शुद्धीवर आला होता, पण त्या दुपारचं त्याला काहीच आठवत नव्हतं. "त्याले काय सांगतलं माह्याबद्दल?" पुतण्याने विचारलं. "काहीच नाही सांगतलं," चुलतभाऊ म्हणाला. "डॉक्टरनं नाही म्हणतलं." बोलता बोलता तो रडायला लागला.

मी वर्दीत होतो. काय बोलायचं ते मी वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं. काका, तुमच्या पुतण्याला आम्ही धरलं होतं, त्याचा काही गुन्हा नव्हता, चूक आमची झाली. आम्ही आत गेलो. म्हाताऱ्याच्या डोक्याला पट्टी होती, तोंड सुकलेलं. मी तोंड उघडायच्या आत त्याची नजर पुतण्यावर गेली.

"काऊन बे, कुठी होता इतके दिवस?" तो खणखणीत आवाजात म्हणाला. "मी अठी मरून राह्यलो अन् तुहा पत्ता नाही! वांग्याले पानी कोनं देल्लं?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात तो मला त्या खोलीत उघडं पाडू शकत होता, आणि त्याला तो हक्क होता. तो खाटेच्या कडेला बसला आणि काकाचे पाय दाबायला लागला.

"लग्नाले गेल्तो काका," तो म्हणाला. "लय लांबलं लग्न."

"इतकं कोनाचं लांबते बे?" म्हातारा म्हणाला, आणि हसता हसता त्याने पुतण्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. जुळवून ठेवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. त्याने ते मला बोलूच दिलं नाही, आणि पुढेही जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा वांगी देऊन गेला, विषय काढला नाही. म्हणून आज ते इथे लिहितो. चूक माझी होती.